तालीम : मराठी नटाच्या शिक्षणाची कथा

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असता एके दिवशी सायंकाळी एका विद्यार्थ्याचे वडील सभागृहाच्या दाराशी येऊन उभे राहिले. तालीम संपेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मुले पांगल्यावर ते जवळ येऊन म्हणाले, "सर, मुलगा नाटकात फार रमला आहे. दहावी झाल्यावर नाटकच शिकेन म्हणतो. आमच्या आजोबांच्या काळी नाटकात गेलेला मुलगा घराला मुकला असेच लोक धरीत. त्याला आवरू की जाऊ देऊ, ते आपणच सांगा." प्रश्न सरळ होता, पण उत्तर तितके सरळ नव्हते. "विचार करून सांगतो," एवढेच त्या वेळी म्हणता आले. पुढे अनेक पालकांच्या मनात हाच प्रश्न असल्याचे दिसून आले. म्हणून आपल्या वार्षिकाच्या द्वारे त्याचा सांगोपांग विचार करण्याचे योजिले आहे. आजोबांच्या काळचे ते मत अगदी निराधार होते काय, आणि आज ते कितपत लागू पडते, हे पाहावयाचे तर मराठी नट कसा शिकत आला हे प्रथम पाहिले पाहिजे.

आरंभी एका शब्दाकडे लक्ष देऊ. नाटकाच्या सरावास आपण 'तालीम' म्हणतो, आणि कुस्तीच्या आखाड्यासही तालीमच म्हणतो. हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ 'शिक्षण' असा आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी मल्लाचे अंग घडविणे आणि नटाची वाणी घडविणे या दोहोंस एकच नाव दिले आणि तेही विद्येचे दिले! मल्ल एका दिवसात तयार होत नाही. रोज मातीत उतरल्यावाचून त्याचे अंग तयार होत नाही. नटाचेही तसेच आहे. ज्यांना नाटक ही केवळ मौज वाटते त्यांनी या एका शब्दाचे मनन केले तरी पुष्कळ लाभ होईल.

दुसरा शब्द 'अभिनय'. 'अभि' म्हणजे समोर, आणि 'नी' म्हणजे नेणे. जे आपल्या मनात आहे ते समोरच्या प्रेक्षकापर्यंत नेऊन पोहोचविणे, हा अभिनय. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. हात, पाय, मान, डोळे यांनी केलेला तो आंगिक. शब्द आणि स्वर यांनी केलेला तो वाचिक. वेष, रंगभूषा, अलंकार यांनी साधलेला तो आहार्य. आणि आतल्या भावाने आपोआप अंगावर रोमांच किंवा डोळ्यांत पाणी यावे, तो सात्त्विक. आपल्या संमेलनात काय घडते पाहा. बहुतेक मुलांचा सारा जीव आहार्य अभिनयात अडकलेला असतो. दाढी चिकटली की नाही, मुकुट नीट बसला की नाही, हीच चिंता! वाचिकासाठी पाठांतर करावे लागते, म्हणून त्याचा कंटाळा. आंगिकाचा तर विचारच नसतो. हात कोठे ठेवावेत हे न कळल्यामुळे पुष्कळ राजे आणि प्रधान ते पाठीमागे बांधून उभे राहतात. सात्त्विक अभिनय मात्र कोणी शिकवून येत नाही. पहिले तीन प्रकार इतके अंगवळणी पडावेत की त्यांचा विचारच राहू नये. मग चौथ्यास वाट मिळते.

आता इतिहासाकडे वळू. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून मानतात, आणि त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. त्या नाटकांत सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आपापली भाषणे बहुधा प्रसंगी सुचतील तशी करीत. राक्षसांच्या आरोळ्यांवरून त्या नाटकांस पुढे 'अललडुर्र' असे थट्टेचे नावही मिळाले. तथापि गावोगाव बिऱ्हाड हलविणारी, स्वतःच्या बळावर पोट भरणारी नाटकमंडळी ही संस्था त्यांतूनच निर्माण झाली, हे विसरता येत नाही.

त्यानंतरचे मोठे नाव बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे. हे गृहस्थ काही काळ बेळगावास शिक्षक होते, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस अभिमानाची वाटावी अशी आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात त्यांच्या 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि 1882 साली 'सौभद्र' आले. आता पात्रे स्वतः गाऊ लागली, आणि लिहिलेली भाषणे जशीच्या तशी म्हणू लागली. साहजिकच नटाला दोन गोष्टी शिकणे भाग पडले : शुद्ध गाणे आणि शुद्ध बोलणे. किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल, ज्यांनी पुढे 1899 साली 'शारदा' रंगभूमीवर आणले, हे तर तालीम देण्यातच पारंगत होते. वाक्यातील नेमका कोणता शब्द उचलावयाचा, कोठे थांबावयाचे, समोरचे पात्र बोलत असता आपण काय करावयाचे, हे ते पुनःपुन्हा करवून घेत. बालगंधर्वांसारख्या नटांस त्यांच्या तालमीचा लाभ झाला.

अशा नाटकमंडळीचे दैनंदिन जीवन कसे असे? गावात एखादा वाडा भाड्याने घेऊन मंडळी बिऱ्हाड करीत. मालक, तालीममास्तर, गवई, तबलजी, पेटीवाले, रंगपट सांभाळणारे, पडदे ओढणारे आणि आचारी, असा तो लहानसा गावच असे. जेवणाच्या पंगती एकत्र होत. आठदहा वर्षांची मुले घरदार सोडून तेथे येत. त्यांना अन्न, वस्त्र आणि विद्या मंडळीकडून मिळे. सकाळी गाण्याची मेहनत, नंतर भाषणांच्या तालमी, आणि ज्या दिवशी प्रयोग असेल त्या दिवशी रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाले. ध्वनिक्षेपक नव्हता, शेवटच्या रांगेतील माणसाला ऐकू जाईल असा आवाज मुलाला छातीतून काढावा लागे. मोठ्यांच्या तालमी चालू असता ही मुले भिंतीशी बसून ऐकत आणि ऐकता ऐकता सबंध नाटक त्यांना मुखोद्गत होई. एखादा नट आजारी पडला किंवा मंडळी सोडून गेला, तर त्याची जागा भरून काढणारा बहुधा त्या भिंतीशी बसलेल्यांतूनच निघे.

हे शिक्षण पुस्तकी नव्हते, पण पुस्तकी विद्येशी त्याचे वैरही नव्हते. शाहूनगरवासी मंडळीतील गणपतराव जोशी यांचे उदाहरण पाहा. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. परंतु गोपाळ गणेश आगरकर यांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' या नावाने रूपांतर केले, आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक वासुदेवराव केळकर यांनी या मंडळीस शेक्सपिअरच्या भूमिका समजावून देण्याचे काम अंगावर घेतले. केळकरांनी स्वतः 'त्राटिका' हे रूपांतर केले. ज्याने इंग्रजी विद्या घेतली नव्हती तो नट शेक्सपिअरचा नायक साकार करी, आणि इंग्रजी जाणणारे पदवीधर ते पाहून थक्क होत. अर्थ सांगणारा प्राध्यापक आणि तो अर्थ देहात उतरविणारा नट, यांपैकी कोण शिक्षक आणि कोण विद्यार्थी, हे सांगणे कठीण आहे. विद्या दोन्ही बाजूंनी वाहत होती, इतकेच म्हणावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की ही तर स्तुतीच झाली. पण त्या पालकांच्या आजोबांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आठव्या वर्षी मंडळीत आलेल्या मुलाची शाळा तेथेच सुटे. त्याचा आवाज गोड असेपर्यंत त्याला स्त्रीभूमिका मिळत, कौतुक होई. पुढे आवाज फुटला की त्याच मुलाला मागच्या रांगेत उभे राहावे लागे, आणि तेव्हा हाती दुसरी कोणतीच विद्या नसे. मंडळ्या कर्जात बुडत, फुटत, बंद पडत. त्यांच्याबरोबर नटही देशोधडीला लागत. आईबापांचे भय या अनुभवातून आलेले होते. ज्यांची नावे आज आपण घेतो ते थोडे. ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत ते पुष्कळ.

जे थोडे वर आले त्यांतही किती सोसावे लागले, पाहा. केशवराव भोसले यांचा जन्म कोल्हापुरास 1890 साली झाला. वडिलांचे छत्र लवकर गेले आणि अगदी लहान वयात ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले. बालवयातच त्यांची शारदेची भूमिका गाजली. 1 जानेवारी 1908 रोजी, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळी येथे 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी स्थापिली. ज्या वयात आपली मुले महाविद्यालयाचे अर्ज भरीत असतात, त्या वयात हा तरुण अनेकांच्या पोटाची जबाबदारी शिरावर घेत होता. आणि 4 ऑक्टोबर 1921 रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांचा अंत झाला.

त्यांचे समकालीन नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. हे नाव लोकमान्य टिळकांनी दिले. जन्म 1888 सालचा. 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत आले, आणि भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गुरूकडून त्यांना गायनाची तालीम मिळाली. 12 मार्च 1911 रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता, आणि त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी मरण पावली. त्या रात्री ते भामिनीच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले आणि प्रयोग पार पडला.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले स्तब्ध होतात, आणि मग कोणी तरी म्हणते, "केवढी ही निष्ठा!" निष्ठा खरीच. परंतु प्रस्तुत लेखक त्या वेळी मुलांना आणखी एक प्रश्न विचारतो : त्या रात्री घरी कोण होते? तेथे एक माता होती. प्रेक्षकांना जे मिळाले त्याची किंमत तिनेही भरली. कलावंताच्या त्यागाची गोष्ट सांगताना त्याच्या घरच्यांचा त्याग गाळून सांगू नये, एवढेच म्हणणे. बालगंधर्वांनी पुढे 1913 साली गंधर्व नाटक मंडळी काढली. उंची वस्त्रे, अत्तरे, भारी सामान यांवर हात न आखडता खर्च केला. मंडळी कर्जबाजारी झाली. आणि ज्यांच्या एका स्वरासाठी लोक रात्र रात्र जागत त्यांचे अखेरचे दिवस विवंचनेत गेले. 1967 साली ते वारले. कीर्ती आणि व्यवहार या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि एक आली म्हणजे दुसरी आपोआप येते असे नाही, हा धडा त्यांत आहे.

या दोन महान नटांचा एक प्रसंग मात्र मुद्दाम सांगण्यासारखा आहे. दोघांच्या मंडळ्या प्रतिस्पर्धी. प्रेक्षकांतही दोन तट पडलेले. परंतु टिळक स्वराज्य फंडाला साहाय्य म्हणून 8 जुलै 1921 रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. एका कार्यासाठी दोघे प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर आले आणि एकमेकांना सांभाळून गायले. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. आंतरशालेय स्पर्धेत दुसऱ्या शाळेच्या मुलांकडे तिरप्या नजरेने पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

आमच्या विद्यार्थिनी विचारतील, "या साऱ्या कथेत आम्ही कोठे आहोत?" प्रश्न रास्त आहे. प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी रंगभूमीवर येणे त्या काळी निषिद्ध मानीत, म्हणून शकुंतला, सुभद्रा, शारदा या सर्व पुरुषांनी रंगविल्या. हे आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडातही 1660 पर्यंत शेक्सपिअरच्या नायिका मुलगेच करीत, आणि जपानातील काबुकी नाट्यात 1629 साली स्त्रियांना बंदी झाली. तरीही हिराबाई पेडणेकर यांनी 1912 साली 'दामिनी' हे संगीत नाटक लिहून रंगभूमीवर आणले. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने श्रीधर विनायक वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून ते रचलेले होते. त्यात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रिया स्त्रीभूमिकांत होत्या, नेपथ्य खऱ्या घरासारखे होते, आणि बोलणे घरच्या बोलण्यासारखे होते. केशवराव दाते यांच्यासारख्या जाणत्या नटाची दृष्टी त्याच्या पाठीशी होती. त्या दिवसापासून अभिनयाची शाळाच बदलली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु तोवर बोलपट आला होता. 1932 साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट पडद्यावर आला आणि प्रेक्षक तिकडे वळले. एकामागून एक मंडळ्या मोडल्या. बिऱ्हाडे उठली, आणि त्यांच्याबरोबर ते फिरते विद्यालयही संपले. मग नटाने शिकावे कोठे? याचे उत्तर हळूहळू मिळत गेले. 1954 पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाल्या, आणि कचेरीत काम करणारा कारकून, गिरणीतला कामगार, शाळेतला शिक्षक संध्याकाळी तालीम करू लागला. 1959 साली दिल्लीस राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले. त्याच वर्षी सुधा करमरकर यांनी मुलांसाठी 'लिटल थिएटर' उभारून रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' हे बालनाट्य केले. 1963 साली पुण्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू झाली. पुणे आणि मुंबई विद्यापीठांतही नाट्यशिक्षणाचे स्वतंत्र विभाग आहेत. पूर्वी नाटक शिकण्यासाठी शाळा सोडावी लागे. आता नाटकच शाळेत येऊन बसले आहे. त्या पालकांच्या आजोबांच्या काळात आणि आजच्या काळात हा मोठा भेद आहे.

आपले पनवेलही या बाबतीत मागे नाही. जवळच्या शिरढोण गावी 1845 साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे नाव धारण करणारे नाट्यगृह येथे उभे आहे. तेथे व्यावसायिक नाटके होतात, एकांकिकांच्या स्पर्धा होतात. पालकांना विनंती अशी की मुलांना वर्षातून एकदोनदा तरी तेथे न्यावे, आणि शक्य झाल्यास प्रयोगापूर्वी पडद्यामागे काय चालते हे पाहण्याची परवानगी मागावी. दिवे लावणारा, पडदा ओढणारा, वस्तू जागेवर ठेवणारा यांतील एकाचे जरी चुकले, तरी नायकाचे सारे कौशल्य व्यर्थ जाते हे मुलाला तेथे डोळ्यांनी दिसेल. अशा वास्तू जपाव्याही लागतात. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीत जळाले. वृत्तपत्रात ते छायाचित्र पाहून, ज्यांनी तेथे कधी पाऊलही टाकले नव्हते त्यांनाही चुटपुट लागली.

आता एक स्वतःची चूक सांगतो. प्रस्तुत लेखक नवा नवा शिक्षक असता त्याने एक लहान नाटक बसविले होते. वर्गात एक मुलगा बोलताना अडखळत असे. त्याने भूमिका मागितली. त्याला दुखवू नये म्हणून, आणि खरे सांगावयाचे तर प्रयोग बिघडू नये म्हणून, त्याला पडद्याची दोरी दिली. त्याने ती इमानाने ओढली. पुष्कळ वर्षांनी तो रस्त्यात भेटला. गप्पा निघाल्या. तो हसत हसत म्हणाला, "सर, मला सगळ्यांची भाषणे पाठ होती. घरी आरशापुढे मी पूर्ण नाटक करीत असे. आणि नाटकातले बोलताना मी अडखळतच नसे." तो सहज बोलला, त्यात तक्रार नव्हती, पण त्या दिवशी लेखकाला घरी जाताना वाट लांब वाटली. एकदा, फक्त एकदा, त्याचे भाषण ऐकून घेतले असते तर! जुन्या मंडळीत भिंतीशी बसलेल्या मुलाला निदान ऐकण्याची आणि एखाद्या दिवशी उभे राहण्याची संधी होती. आमच्या त्या मुलाला शिक्षकाने तीही दिली नाही. त्या दिवसापासून भूमिका वाटण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एक उतारा म्हणावयास लावण्याचा नियम केला आहे, आणि तो आजवर मोडलेला नाही.

यावरून त्या पालकांना उत्तर असे. मुलाला आवरू नये आणि ढकलूही नये. त्याला शालेय शिक्षण पूर्ण करू द्यावे. कारण जुन्या नटांचे जे नुकसान झाले ते नाटकामुळे नव्हे, तर नाटकावाचून हाती दुसरे काही नसल्यामुळे झाले. त्याबरोबर त्याला तालमीला नियमाने जाऊ द्यावे, आणि तो कसा जातो याकडे लक्ष ठेवावे. वेळेवर जातो काय? स्वतःची भूमिका नसलेल्या प्रवेशातही शेवटपर्यंत बसतो काय? दुसऱ्याला टाळ्या पडल्या तर त्याचा चेहरा कसा होतो? मोठी भूमिका न मिळता पडद्याची दोरी मिळाली, तर ती मनापासून ओढतो काय? या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर मुलगा पुढे नट होवो वा न होवो, त्याची तालीम वाया गेली नाही असे खुशाल समजावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला एवढेच सांगणे. पुढच्या संमेलनाच्या तालमी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतील. ज्यांना भूमिका हवी त्यांनी यावे. ज्यांना वाटते की आपल्याला बोलता येत नाही, आपला आवाज लहान आहे, आपल्याला कोणी विचारणार नाही, त्यांनी तर अवश्य यावे. तुमचा उतारा ऐकल्यावाचून कोणालाही दोरी दिली जाणार नाही.